मळ्यातल्या आमच्या घराचं चित्र आणि त्यात नसलेला फणस

मळेकार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय घरगुती आहे पण मला खरंच सल्ला पाहिजे.

आमचं मूळ घर पणजीला मळा नावाच्या भागात, आल्तिनो टेकडीच्या उतारावर. आता आम्ही पर्वरीला फ्लॅटमध्ये आहोत, आई माझ्याकडे असते. त्या घरातून आम्ही ज्या मोजक्या वस्तू आणल्या त्यात एक ऑइल पेंटिंग आहे, साधारण दोन फूट बाय दीड फूट. १९७३ च्या दिवाळीच्या सुमारास युरोपातली एक बाई आमच्या घरी भाड्याने खोली घेऊन राहिली होती, सलग दोन हिवाळे. मे महिन्यात जायची, पाऊस संपला की परत यायची. आजी तिला 'चित्रांची बाय' म्हणायची, खरं नाव आज घरात कोणाला धड सांगता येत नाही. कोपऱ्यात दोन अक्षरं आणि '७५' एवढंच आहे. शेवटचं जाताना हे चित्र तिने आजीला दिलं.

खाडीच्या पलीकडून दिसणारा मळा आहे त्यात. एकावर एक चढत गेलेली घरं, कौलं, वर झाडी, उजवीकडे मारुतीच्या देवळाचा शेंदरी रंग, खाली खाडीचा चिखल. आणि मधोमध आमचं घर. इतकं हुबेहूब की दाराच्या चौकटीवरचा खरवडलेला भाग पण दिसतो (आमच्या कुत्र्याची करामत). आईची लाल काठाची साडी वाळत घातलेली आहे. पायरीपाशी एक गोणी पडलेली आहे, अंगण आहे, विहिरीचा काठ आहे.

फणस मात्र नाहीये. आमच्या अंगणात विहिरीजवळ हा मोठा फणस होता, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच. माझ्या लहानपणाची सगळ्यात पक्की आठवण त्या फणसाची आहे, मी तिथेच बसायचो. चित्रात त्या जागी कोरी भिंत आणि खिडकी.

आता पावसाळ्यात चित्रावर बुरशीचे ठिपके आले म्हणून साफ करायला द्यायचं ठरलं, तेव्हा पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला देतोच आहेस तर फणस पण काढून घे, आपलंच घर आहे, आठवणीप्रमाणे असू दे. एक चित्रकार तयार पण आहे. मला रात्रभर झोप नाही आली. काढून घेऊ का?

आबोली

आधी जवळून घेतलेले फोटो टाका ना, विशेष करून त्या खिडकीचे. काचेऐवजी शिंपले बसवलेली, जुनी शिंपल्यांची आहे का? माझ्या आजोळी होत्या, आता एक पण उरली नाही.

फणसाचं मला नाही सांगता येणार, पण कोणालाही ब्रश लावू देण्याआधी चार दिवस थांबा एवढं म्हणेन.

मळेकार

हो, शिंपल्यांचीच. फोटो टाकलाय बघा. लांबून वाटतं की तिने प्रत्येक शिंपला वेगळा काढलाय, जवळ गेलं की नुसते राखाडी, पिवळट, किंचित गुलाबी असे चौकोनी फटकारे आहेत आणि दोन-तीन ठिकाणीच पांढरा. त्या दोन-तीन ठिपक्यांमुळे अख्खी खिडकी ओलसर चकाकते, खरी चकाकायची तशी. मी लहान असताना त्या खिडकीला गाल लावून बसायचो, बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त उजेड दुधासारखा आत यायचा. तो उजेड या बाईने बाहेरून कसा पकडला मला कळत नाही.

सांगेकर

छान धागा. मी चित्रकार नाही, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

परक्या माणसाने काढलेलं डोंगरावरचं शहर म्हटलं की मला पहिलं आठवतं एल ग्रेकोचं तोलेदो. 'ग्रेको' म्हणजे ग्रीकच, क्रीट बेटावर १५४१ ला जन्मलेला, तिथून व्हेनिस, मग रोम, आणि १५७७ पासून मरेपर्यंत (१६१४) स्पेनमध्ये तोलेदोला राहिला. सही मात्र शेवटपर्यंत ग्रीक लिपीत करायचा. त्याने १६०० च्या आसपास काढलेलं तोलेदोचं चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, काळंनिळं वादळी आभाळ आणि खाली हिरवा डोंगर, पूल, किल्ला. गंमत म्हणजे त्याने ज्या बाजूने शहर दाखवलंय तिथून कॅथेड्रल चित्रात येतच नाही, म्हणून त्याने ते सरळ उचलून आल्काझारच्या, म्हणजे त्या किल्ल्याच्या, डावीकडे आणून ठेवलं.

म्हातारपणी त्याने तोलेदोचं अजून एक चित्र केलं, ते तिथल्याच त्याच्या म्युझियममध्ये आहे. त्यात शहराबाहेरचं एक हॉस्पिटल ढगावर मॉडेल ठेवल्यासारखं काढलंय आणि चित्रातच लिहून ठेवलंय की हे खऱ्या जागी काढलं असतं तर वेशीचा दरवाजा झाकला गेला असता आणि घुमट शहराच्या वर आला असता, म्हणून हलवलं, खरी जागा नकाशात बघा. आणि बाजूला एक पोरगा तो नकाशा हातात धरून उभा आहे!

म्हणून मला वाटतं तुमच्या चित्रांच्या बायने फणस खिडकी झाकतो म्हणून वगळला असणार. तो तिचा हक्क. तुम्ही परत घालू नका, प्लीज.

पाटो_पलीकडे

थोडं उलट बोलतो, राग मानू नका.

सांगेकर म्हणतायत चित्रकाराचा हक्क. पण घर कोणाचं? गोव्याची चित्रं परक्यांनीच काढत यायची ही आपल्याकडे शेकडो वर्षांची रीत आहे. डच माणूस लिन्शोटेन १५८३ ते १५८८ इथे होता, त्याने परत जाऊन जुन्या गोव्याच्या बाजाराची, माणसांची चित्रं छापली आणि सगळ्या युरोपाने गोवा म्हणजे तेच असं मानलं. पुढे लोपिश मेंदिश नावाचा पोर्तुगीज १८६० च्या दशकात इथे नोकरीला होता, त्याची चित्रं १८८६ ला लिस्बनला छापून आली, आजही जुना गोवा म्हटलं की तीच चित्रं फिरतात. त्यांना जे बघायचं होतं ते त्यांनी बघितलं. आपल्या आज्या-पणज्या त्यात चेहरा नसलेल्या आकृत्या आहेत.

आणि आत्ता बघा, पणजीच्या जुन्या वस्तीत, फोंताइनसमध्ये, रोज सकाळी लोक निळ्या-पिवळ्या भिंतीसमोर फोटो काढत उभे असतात, आत राहणाऱ्या माणसाला दार उघडायची चोरी. देखणं तेवढं उचलायचं, अडचणीचं वगळायचं. फणस अडचणीचा होता म्हणून गेला, पण त्याच्याखाली तुम्ही बसलात, ती नाही. मी असतो तर काढून घेतला असता.

मळेकार

तुमचं म्हणणं मला लागलं, पण वाईट अर्थाने नाही, मी त्यावर दिवसभर विचार करत होतो.

एवढंच सांगतो की ती फोटो काढून पळणाऱ्यातली नव्हती. आई सांगते, मुंबईहून बोटीने यायची, पणजीच्या धक्क्यावर उतरून डोक्यावर पेटी घेऊन चालत घरी. आजीबरोबर मासे साफ करायला बसायची. सुंगटं (कोळंबी) सोलताना तिच्या बोटांना रंग लागलेला असायचा म्हणून आजी ओरडायची. मला ताप आला होता तेव्हा रात्री ती माझ्याजवळ बसली होती असंही आई म्हणते. आणि साडी बघा ना, तिला फक्त देखणं हवं असतं तर आईची विटलेली साडी तिने कशाला काढली असती.

पण फणसाला माझ्याकडे उत्तर नाही, खरंय.

चिरेबंदी

मी पंचवीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, आता रिटायर आहे. फोटो मोठा करून अर्धा तास बघत बसले होते. दोन-तीन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे ती कुठे बसली होती. चित्रात क्षितिज दिसत नाही, डोंगर आड येतो, पण डोळ्याची पातळी शोधता येते. डोळ्याच्या वर असलेल्या आडव्या रेषा, म्हणजे कौलांच्या कडा, छज्जे, लांब जाताना खाली उतरतात, डोळ्याच्या खाली असलेल्या रेषा वर चढतात. जिथे रेष अगदी सपाट राहते ती डोळ्याची उंची. तुमच्या चित्रात ती खाडीच्या कठड्याच्या जरा वर येते, म्हणजे बाई पलीकडच्या बांधावर, बहुतेक जमिनीवरच बसून काम करत होती. तुमचं घर तिच्यापेक्षा बरंच वर. अशा जागेवरून उतारावरची घरं काढणं महाकठीण असतं हो, प्रत्येक घराचा जोता वेगळ्या उंचीवर, थोडं चुकलं की घरं घसरताना दिसतात. हिची एक पण घसरत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) लाल आणि कौलाचा लाल नवशिके एकच लावतात. हिने कौलं थंड लालात, शेवाळ्याचा काळपटपणा घेऊन केलीत आणि उघडा चिरा मात्र उबदार, गेरूसारखा. आणि भिंतीवरच्या सावल्यांत निळा. चुन्यात नीळ घालून रंगवलेल्या भिंतीची सावली अशीच पडते, हे तिथे राहून बघितल्याशिवाय येत नाही.

सांगेकरांनी एल ग्रेको काढला, पण तो वास्तववादी म्हणता येणार नाही. मी कोरोचं उदाहरण घेईन. हा फ्रेंच, १८२५ ला इटलीत गेला आणि तीन वर्षं राहिला. नार्नी गावाजवळच्या पडक्या रोमन पुलाचा त्याने १८२६ ला जागेवर बसून कागदावर ऑइल स्टडी केला, तो पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे. मग पॅरिसच्या प्रदर्शनासाठी त्याच पुलाचं मोठं चित्र बनवलं, ते आता कॅनडात ओटावाला आहे. मोठ्या चित्रात त्याने पुढे छान वाट घातली, बकऱ्या घातल्या, छत्रीसारखे पाइन घातले, सगळं शिस्तीत. आज लोक जास्त जीव टाकतात तो त्या छोट्या स्टडीवर, जिथे पुढे नुसती माती आणि गढूळ पाणी आहे. तुमच्या चित्रात पुढे ओहोटीचा चिखल आहे. जी बाई चिखल गाळत नाही ती फणस का गाळेल, हा प्रश्न मला पडलाय.

खाजन

चिरेबंदीताईंच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन.

मी त्याच भागात वाढलो. मळा आल्तिनोच्या पूर्वेच्या पायथ्याला, त्यामुळे सकाळचं ऊन थेट घरांच्या तोंडावर येतं आणि संध्याकाळी सूर्य डोंगरामागे लवकर जातो. आमच्याकडे दिवेलागण शहरापेक्षा आधी व्हायची. चित्रात घरांच्या दर्शनी भिंती उजळलेल्या आहेत, सावल्या छोट्या आणि छज्ज्याखाली, म्हणजे सकाळचे नऊ-साडेनऊ. चिखल दिसतोय म्हणजे ओहोटी. रोज सकाळी नऊला ओहोटी नसते, भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणजे असा उजेड आणि असा चिखल जुळून यायला पंधरवड्यातून तीन-चार सकाळी मिळाल्या असतील. ती त्या दिवसांची वाट बघत होती. हे चित्र दोन-चार दिवसांत झालेलं नाही, कितीतरी आठवडे चाललं असणार, कदाचित दोन्ही हिवाळे.

बूच_आणि_फ्रेम

जुन्या चित्रांच्या दुरुस्तीचं काम जवळून बघितलंय म्हणून लिहितोय.

१) कोणत्याही परिस्थितीत घरी पुसू नका. बटाटा, कांदा, ओलं फडकं, काही नाही. बुरशी ओल्या फडक्याने आत जाते.
२) हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरतेच, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी वर असते. चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नका. फ्रेमच्या मागे खाली दोन कोपऱ्यांना बाटलीचं बूच कापून चिकटवा, भिंत आणि कॅनव्हासमध्ये हवा खेळली पाहिजे.
३) दुरुस्ती करणारा चांगला माणूस फक्त जिथे रंग उडालाय तेवढीच जागा भरतो, तीही पुढे कोणाला काढता येईल अशा रंगाने. मूळ रंगावर नवीन झाड काढायला जो तयार होतो त्याच्या हातात चित्र देऊ नका. एवढं ऐकाच.
४) रात्री खोलीत अंधार करा, टॉर्च चित्राच्या अगदी बाजूला, भिंतीला चिकटून धरा म्हणजे उजेड आडवा सरपटत जाईल. रंगाचे सगळे उंचवटे दिसतात. फणस जिथे हवा होता तिथे बघा.

आबोली

चौथा मुद्दा वाचून मीच बसल्या जागी उठले. मळेकार, आज रात्रीच करा!

मळेकार

केलं. हात थरथरत होता म्हणून मुलीने टॉर्च धरला.

खिडकीच्या डाव्या बाजूला, भिंतीच्या रंगाखालून, एक उभा जाड पट्टा वर जातो. साधारण चार बोटं उंच, जरासा तिरका. वर तो फाटतो दोन ठिकाणी आणि खिडकीवर, छपराच्या कडेवर बारीक बारीक गोल उंचवटे आहेत, पानांच्या झुपक्यांसारखे. दिवसा नुसती भिंत दिसते. आडव्या उजेडात झाड उभं राहतं. फोटो लावलाय.

मला बोलायला सुचत नव्हतं. मुलगी म्हणाली, बाबा, तिने काढला होता.

चिरेबंदी

मी फोटो बघितला आणि डोळ्यात पाणी आलं.

याला इटालियन भाषेत पेंतिमेंतो म्हणतात, शब्दाचा अर्थ पश्चात्ताप. चित्रकार आधी एक काढतो, मन बदलतं, वरून दुसरं काढतो. ऑइल रंग जुना होत जातो तसा जास्त पारदर्शक होतो, म्हणून बऱ्याच जुन्या चित्रांत खालचं आपोआप वर डोकवायला लागतं. तुमच्या चित्रात अजून तितकं झालं नाही, पण खालचा थर जाड आहे, म्हणजे झाड कच्चं स्केच नव्हतं, पूर्ण रंगवून, वाळवून, मग झाकलंय. वाळवून हे महत्त्वाचं. ओल्या रंगावर भिंत काढली असती तर हिरवा मिसळून ती मळली असती. दोन्हींत काही महिने तरी गेले असणार.

पाटो_पलीकडे

म्हणजे माझंच बरोबर निघतंय की. तिला फणस दिसला होता, काढलाही होता, आणि नंतर चित्र देखणं व्हावं म्हणून पुसला. मला तर हे जास्त बोचतं.

खाजन

थांबा हो. महिने गेले असतील तर मध्ये पावसाळा येतो, १९७४ चा. मळेकार, आईंना विचारलंत का? त्या आहेत ना तुमच्याकडेच.

मळेकार

आईला विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर विचारायचं सुचलंच नाही, कारण मला फणस *आठवत* होता, त्यात विचारण्यासारखं काय आहे असं वाटायचं. आज दुपारी जेवण झाल्यावर चित्र तिच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, आई, हिने फणस का नाही गं काढला?

आई म्हणाली, "फणस कुठे होता तेव्हा? तो त्या पावसात पडला नाही का."

७४ च्या पावसात, आषाढात, रात्री. निम्मा विहिरीवर, निम्मा स्वयंपाकघराच्या छपरावर. आजोबांनी दुसऱ्या दिवशी माणसं लावून तोडला, लाकूड विकून त्यातनं कौलं आणली. चित्रांची बाय दिवाळीनंतर परत आली तर अंगणात उजेडच उजेड. आई सांगते की ती दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिली, मग आजीला खुणेने विचारलं झाड कुठे, आजीने हात आडवा करून दाखवलं. फणस होता तोवर स्वयंपाकघरात भरदिवसा दिवा लागायचा म्हणे, खिडकी असून नसल्यासारखी. म्हणजे ती शिंपल्यांची चकाकी, तो माझ्या गालावरचा दुधासारखा उजेड, हे सगळं फणस पडल्यानंतरचं.

मी म्हटलं, पण आई मी फणसाखाली बसायचो, मला पक्कं आठवतं.

तिने चष्मा लावला, चित्र जवळ घेतलं आणि पायरीपाशी बोट ठेवलं. "खाली नाही, वर बसायचास. ह्याच्यावर."

ती गोणी. आम्ही आजवर जिला गोणी म्हणत आलो तो फणसाचा बुंधा आहे. तोडताना आजोबांनी हातभर ठेवला होता, बसायला. मी पाच वर्षांचा. आता भिंग घेऊन बघितलं तर वरच्या बाजूला पिवळ्या रंगाचा एक छोटा गोल फटकारा आहे, कापलेल्या फणसाच्या लाकडाचा पिवळा. दुसरा कसला असणार तो पिवळा. पन्नास वर्षं समोर होता.

पाटो_पलीकडे

मळेकार, मी माझं 'वगळलं' हे म्हणणं मागे घेतो. परक्यांच्या चित्रांबद्दल जे बोललो ते अजूनही माझं मत आहे, पण या बाईला ते लागू नाही. आईंना नमस्कार सांगा.

सांगेकर

मी पण 'चित्रकाराचा हक्क' म्हणून मोकळा झालो होतो. तिने हक्क वापरलाच नाही, जे होतं ते काढलं, आणि बदललं तेव्हा चित्र बदललं.

एक सुचवतो. फोंताइनसला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत त्रिंदाद या चित्रकाराची चित्रं आहेत, सांग्याला १८७० ला जन्मलेला आमचा माणूस, मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, तिथेच शिकवलं, १९३५ ला गेला. तुमच्या जुन्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे. आईंना घेऊन एकदा जा, गोव्याबाहेर राहून चित्रं काढणारा गोंयकारही बघून या.

आबोली

भाऊ काय म्हणाला?

मळेकार

रात्री व्हिडिओ कॉल केला. तो ७६ चा, त्याने फणस बघितलेलाच नाही, माझ्याकडूनच ऐकलेला. आईने त्याला सगळं परत सांगितलं. तो म्हणाला नवीन काही काढू नकोस, मला त्या बुंध्याचा जवळून फोटो पाठव, आडव्या उजेडातला पण पाठव.

सोमवारी चित्र फक्त बुरशी काढायला देतोय. त्यांना लिहून दिलंय की भिंतीवरचे उंचवटे दाबायचे नाहीत, मागून इस्त्री करायची नाही. बूच कापून ठेवलीत. आई विचारत होती, किती दिवस लागतील म्हणून, तोवर ती जागा रिकामी दिसणार. मी टॉर्चच्या उजेडातला फोटो मोठा प्रिंट करून तिथे लावलाय.